कोणतं मुरूड?

लातूरहून मुरूडला जायचं ठरलं तेव्हा पहिली अडचण आली ती शेजाऱ्यांची. मी ओट्यावर बसून जुन्या बॅगेची चेन तेल लावून सरकवत होतो. शेजारी फाटकाशी थांबले.

"गुरुजी, कुठं निघालाव?"

"मुरूडला."

"मग एवढी मोठी बॅग कशाला? बार्शी रोडनं पाऊण तासात जाताव की. तिथं आमचे साडू हायेत, जेवायला जावा त्यांच्याकडं."

आता यात त्यांची चूक काहीच नाही. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला मुरूड म्हटलं की लातूर तालुक्यातलं मुरूडच आठवणार. मोठं बाजाराचं गाव आहे. त्याला समुद्र नाही, किल्ला नाही, पण साडू आहे. मी त्यांना समजावून सांगितलं की मी चाललोय ते मुरूड-जंजिऱ्याला, रायगड जिल्ह्यात, समुद्रातला किल्ला बघायला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "इकडं किल्ले कमी पडले व्हय?"

त्यावेळी मी हसलो. शेजाऱ्यांच्या प्रश्नाला हसून उत्तर दिलं की उत्तर द्यावं लागत नाही, हा माझा जुना अनुभव. पण तो प्रश्न माझ्याबरोबर जाऊन आला, आणि अजून गेलेला नाही. म्हणून हा लेख.

या सगळ्याच्या मुळाशी माझे मेव्हणे आहेत. मेव्हणे मूळचे उदगीरचे, हल्ली पुण्यात असतात. पुण्यात गेलेला मराठवाड्यातला माणूस पाच वर्षांत किल्ल्यांवर जाऊ लागतो आणि दहा वर्षांत इतरांना किल्ल्यांवर नेऊ लागतो. मेव्हण्यांना बारा वर्षं झाली आहेत. फोनवर म्हणाले, "दाजी, रिटायर झालात, आता तरी एक खरा किल्ला बघा."

"खरा म्हणजे?"

"म्हणजे समुद्रातला. निदान सह्याद्रीतला तरी."

इथे माझी थोडी माहिती देणं भाग आहे. मी जन्मानं कंधारकडचा, नोकरीनं औशाचा, आणि लग्नामुळे उदगीरचा. म्हणजे जन्मभर मी तीन भुईकोटांच्या वेढ्यात सापडलेला माणूस आहे. बालपणी कंधारच्या खंदकाच्या काठावर म्हशी राखल्या. तरुणपणी औशाच्या तटाला सायकल टेकवून डबा खाल्ला. आणि उदगीरचा किल्ला म्हणजे तर प्रत्यक्ष सासुरवाडीच. तरीही मेव्हण्यांनी 'खरा किल्ला' म्हटल्यावर मला वाटलं, खरंच की, आपण अजून किल्ला बघितलेलाच नाही. माझी ही शरणागती वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे मी मेव्हण्यांवर बराच तुटून पडणार आहे, पण दरवाजा आतून मीच उघडून दिला होता.

रात्रीच्या गाडीनं पुणं, तिथून मेव्हण्यांच्या मोटारीनं ताम्हिणी घाट उतरून कोकण. जवळजवळ पाचशे किलोमीटर झाले. वाटेत मंडळींना मोटार लागली, त्याचं वर्णन करत नाही.

राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहिलो आणि मंडळी एकच वाक्य बोलल्या, "अहो, केवढं पाणी हो!"

लोक समुद्र बघून कविता करतात. लातूरच्या माणसाला समुद्र बघून हिशेब सुचतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही त्या गाडीची वाट बघितली तशी कुठल्या पाहुण्याची कधी बघितली नाही. राजपुरीच्या खाडीकडे बघून मी मनातल्या मनात वाघिणी मोजायला लागलो आणि थकलो. मग कळलं की ते सगळं खारं आहे, तेव्हा जरा बरं वाटलं. पण तेवढ्यात वाटाड्या म्हणाला की किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चहूकडे समुद्र आणि मधे गोडं पाणी! आमच्याकडे चहूकडे जमीन आणि मधे टँकर.

किल्ला मात्र किल्ला आहे, यात वाद नाही. शिडाच्या होडीतून जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. नुसता तट पाण्यातून उगवल्यासारखा वर आलेला. अगदी जवळ गेलं की तटात एक फट दिसते आणि ती फट म्हणजे महाद्वार. दाराशी दगडात कोरलेला एक वाघासारखा प्राणी, त्यानं पंजांत हत्ती धरलेले. हत्ती असे धरलेत की आमच्या मंडळी म्हणाल्या, "मांजरीनं उंदीर धरावेत तसे." बांधणाऱ्याला जे सांगायचं होतं ते एका दगडात सांगून झालं होतं.

आत गेल्यावर मात्र वाटाड्यानं सांगायला सुरुवात केली. "बावीस एकर जागा, बावीस बुरुज, बावीस वर्षं बांधकाम!" या बावीसचं मला जरा नवल वाटलं. मी तीस वर्षं इतिहास शिकवला. इतिहास इतका पाठांतराला सोयीचा असतो, असा माझा अनुभव नाही. मी बुरुज मोजायला लागलो, पण होडी पाऊण तासानं परत सुटणार होती आणि मी सातव्या बुरुजाशी असताना मंडळींची चप्पल तुटली. तेव्हा बाकीचे बुरुज मी वाटाड्याच्या हवाली केले. कलालबांगडी तोफ बघितली. प्रचंड. तिच्यावर एका लहान मुलाला बसवून त्याचे वडील फोटो काढत होते आणि मुलगा रडत होता. तोफेनं अजून कुणालातरी रडवलं, याचं तिला समाधान वाटत असावं.

आणि मग ते झालं. बुरुजावर पंचवीस-तीस तरुणांचा एक घोळका होता. त्यांनी एकदम घोषणा सुरू केल्या. "जय भवानी! जय शिवाजी!" आवाज तटावर आपटून परत आला. मेव्हण्यांनीही मूठ वळून हात वर केला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं कशाला बोलू? माझाही हात अर्धा वर गेला. मास्तर असल्यामुळे अर्ध्यावर थांबला.

कारण मी विचार करायला लागलो होतो की आपण उभे आहोत कुठे.

हा किल्ला सिद्दीचा. महाराजांना तो हवा होता, मिळाला नाही. संभाजीराजांनी १६८२ च्या सुमारास खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत चालत जायची वाट करायला घेतली होती. एवढी जिद्द, पण औरंगजेब दख्खनेत उतरला आणि ते काम अर्धं राहिलं. पहिल्या बाजीरावांनी १७३३ मध्ये मोहीम काढली, १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी लढाईत सिद्दी सातला मारलं, पण जंजिरा जंजिऱ्याच्या जागी. संस्थान राहिलं ते थेट १९४८ पर्यंत. तोफांना जे जमलं नाही ते सामीलनाम्यानं झालं.

होडीत परत बसल्यावर मी मेव्हण्यांना विचारलं, "हा अजिंक्य किल्ला म्हणतात ना?"

"अजिंक्यच! कुणालाही घेता आला नाही."

"कुणालाही म्हणजे कुणाला?"

मेव्हणे गप्प.

"आपल्याला," मी म्हणालो. "म्हणजे आपण पाचशे किलोमीटर आलो, तिकीट काढलं, चप्पल तोडली, ते आपल्याला जे घेता आलं नाही ते बघायला. आणि ते बघून जयघोष केला."

"दाजी, तुम्ही ना..." असं म्हणून मेव्हणे समुद्राकडे बघायला लागले. मेव्हणा आणि दाजी यांच्या नात्यात हे वाक्य पुरं करायची पद्धत नाही.

माझं म्हणणं असं नाही की परक्याचा किल्ला बघू नये. उलट तो बघावाच, आणि शत्रू म्हणून का होईना, सिद्दीला नीट ओळखावं. पण मग घोषणा कशासाठी? महाराजांना जंजिरा मिळेना तेव्हा त्यांनी त्याच्या समोर समुद्रातच दुसरा किल्ला बांधायला घेतला, पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या तटावरून तो दिसतो. तिथे लाटांनी दगड झिजलेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच उभा आहे, असं वाचलं होतं. दगडापेक्षा चुना टिकाऊ! असलं बांधकाम डोळ्यांनी बघावं म्हणून मी वाटाड्याला विचारलं, "तिकडं होडी जाते का?"

"तिकडं कोन जात नाय, सायेब," तो म्हणाला. "सगले इकडंच येतात."

पद्मदुर्गाला वेळेवर रसद पोचवली नाही म्हणून महाराजांनी एका सुभेदाराची पत्रातून चांगली हजेरी घेतली होती, हे मी मुलांना दरवर्षी शिकवत असे. आता रसद जाऊ दे, माणूसही जात नाही. आपण बांधलेला किल्ला समोर दिसतोय आणि आपली सगळी गर्दी, आपला सगळा आवाज, न घेता आलेल्या किल्ल्यात. त्या होडीत बसून मला शेजाऱ्यांचा प्रश्न पहिल्यांदा नीट ऐकू आला. इकडं किल्ले कमी पडले व्हय?

कारण हीच गत आमची घरी आहे.

मेव्हणे ज्या उदगीरचे, त्या उदगिरीला १७६० च्या फेब्रुवारीत काय झालं? सदाशिवरावभाऊंनी निजामाला गाठलं. धुमश्चक्री झाली ती उदगीर ते औसा या टापूत, म्हणजे आज जिथे सोयाबीन आणि तूर उभी असते त्या शिवारांत. निजामानं तह केला, साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख सोडला, त्यात दौलताबादेसारखा किल्ला. हा विजय! पुढे वर्षाच्या आत तेच भाऊ पानिपतावर गेले आणि काय झालं ते सांगायला नको. मराठी भाषेत 'पानिपत झालं' असा वाक्प्रचार आहे. 'उदगीर झालं' असं कुणी म्हणत नाही. उदगीर झालं म्हटलं तर यष्टीतला माणूस दचकून विचारतो, "माझं मागं राहिलं का?"

हरलो ते भाषेत गेलं, जिंकलो ते तिकिटावर राहिलं.

कंधारची गोष्ट याहून वाईट. पुण्यात मी गाव सांगितलं की लोक म्हणतात, "कंधार? ते विमानाचं?" १९९९ च्या डिसेंबरात विमान पळवून नेलं ते अफगाणिस्तानातल्या कंदाहारला, तेव्हापासून आम्हाला त्याचा खुलासा द्यावा लागतो. वास्तविक आमचं कंधार राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं. शहाजहान बादशहाच्या पदरी ही दोन्ही ठाणी होती. आमचं त्याच्या सरदारानं १६३१ मध्ये घेतलं. तिकडचं १६४९ मध्ये त्याच्या हातून गेलं आणि तीनदा फौजा पाठवूनही परत मिळालं नाही. बादशहाला टिकलं ते आमचं कंधार, आणि जगाला माहीत आहे ते त्याच्या हातून गेलेलं. सध्या आमच्या कंधारची ख्याती आहे ती लाल कंधारी गाईबैलांमुळे. जनावरं उत्तम आहेत, माझी तक्रार नाही. पण खंदकात पाणी असलेला असा भुईकोट शेजारी असताना सगळा मान बैलांनी खावा, हे बैलांनाही आवडत नसेल.

आणि औसा! लातूरहून वीस किलोमीटर. दुहेरी तट, खंदक, बुरुजांवर तोफा, आत विहिरी. औशाचं नाव बहामनी वजीर महमूद गावानाशी जोडतात. तट लांबून डोळ्यांत भरत नाही, मुद्दामच तसा बांधलाय. शत्रूला दिसू नये म्हणून ही युक्ती केली. ती प्रवाशांवरसुद्धा लागू पडली.

आता काही सुज्ञ वाचक म्हणतील, गुरुजी, किल्ल्यांना मान मिळतो तो इतिहासामुळे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात तुमचा एकही नाही. खरं आहे. रायगड, राजगड, प्रतापगड त्यात आहेत. समुद्राकडचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. तमिळनाडूतला जिंजीसुद्धा आहे. ते मराठ्यांच्या लष्करी रचनेचे किल्ले आहेत, आमचे नाहीत, तेव्हा यादीबद्दल माझं भांडण नाही. पण मग जंजिराही त्या यादीत नाही. तिथे पाऊण तासाच्या खेपा कशा लागतात? यादीमुळे माणसं जातात, हे खरं नाही. माणसं पाण्यामुळे जातात. किल्ला होडीतून बघायचा असला की तो किल्ला, आणि पायऱ्यांवरून शेळ्या हाकलत बघायचा असला की ती पडकी गढी.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो मी स्वतःच घेत आलोय. आमचे किल्ले 'निजामाचे'. चांगलं इतिहास शिकवलेल्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य आहे, म्हणून सांगतो. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलानं विचारलं होतं, "गुरुजी, आपल्याकडं इतिहास झालाच नाही का?" पुस्तकात सगळी नावं पुण्याकडची, कोकणातली, साताऱ्याची. खिडकीतून औशाचा तट दिसत होता. मी म्हणालो, "आपल्याकडं निजाम होता ना रे." आणि फळा पुसला.

त्या उत्तराची मला आज लाज वाटते. निजाम होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होता, आणि त्याचे चटके आमच्या वडिलांच्या पिढीनं सोसले. पण त्याच १९४८ सालापर्यंत जंजिऱ्यातही नवाबच होता की! त्याचा किल्ला बघायला आम्ही शिरा, दशम्या बांधून जातो, आणि आमच्या दारातला 'निजामाचा' म्हणून सोडून देतो. ज्या सिद्दीला परका म्हणतो तो मूळचा हबशी; तसाच मलिक अंबरही हबशी, आणि त्यानं वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर आहे. मराठवाड्याचा सगळा कारभार तिथून चालतो. राजे बदलले, पाट्या बदलल्या. कंधारचा खंदक खणला तो काही निजामानं फावडं घेऊन खणला नाही. माझ्याच कुणा पणज्याच्या पणज्यानं तो वेठीला धरून खणला असणार, आणि घरी येऊन राजाला शिव्या दिल्या असणार. एवढ्या पुराव्यावर तो आमचा व्हायला हरकत नसावी.

आणि सहली! मी तीस वर्षांत नऊ सहली काढल्या. रायगड तीनदा, प्रतापगड-महाबळेश्वर चारदा, बाकी दोन वेळा यष्टी बंद पडल्यामुळे जिथे पोचलो तिथे. औशाचा किल्ला शाळेपासून चालत वीस मिनिटं, पण सहल म्हणजे मुक्काम हवा, घाट हवा, मुलांनी गाडीत उलट्या करायला हव्यात. चालत जाऊन संध्याकाळी घरी परत, याला सहल म्हणत नाहीत. ज्या मुलानं प्रश्न विचारला होता तोही प्रतापगडला आला होता. त्याला औशाचा तट आतून कुणी दाखवला असेल, असं मला वाटत नाही.

आमच्याकडच्या एका किल्ल्यावर, कोणत्या ते सांगत नाही, संरक्षित स्मारक असल्याची निळी पाटी आहे. नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल, असा त्यावर मजकूर असावा. असावा म्हणतो, कारण पाटीच गंजून अर्धी गेली आहे आणि जे उरलंय त्यावर क्लासची जाहिरात चिकटवली आहे. तटात पिंपळ उगवलेत. पिंपळ काढायचा तर कुणाचा धर्म आड येतो आणि न काढावा तर तट पडतो, म्हणून पिंपळ आणि तट दोघांनी आपसात मिटवावं, असं ठरलेलं दिसतं.

दिवाळीला मेव्हणे उदगीरला आले. मी आधीच जाऊन बसलो होतो. म्हणालो, "चला, किल्ला बघू." मेव्हणे म्हणाले, "इथं काय बघायचं?" पण पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा उठला, म्हणून तेही उठले. सासूबाईंनी पदर खोचला. त्या ऐंशीच्या पुढच्या, म्हणाल्या, "मीबी येते."

"आई, तुला झेपायचं नाही."

"मला झेपायचं नाही? लग्न हून आले तवापासून दर सोमवारी जात होते की उदागीरबाबाला."

किल्ल्यात उदयगिरींची समाधी आहे. गावाला नाव त्यांचंच. सासूबाई भराभरा पुढे, आम्ही तिघं मागे. खंदकाशी आल्यावर मेव्हणे थबकले. खोल खंदक, पलीकडे तट, तटापाठीमागे दुसरा तट. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. ते याच गावात अठरा वर्षं राहिले होते.

"दाजी, हे एवढं खोल आहे होय?"

मुलानं विचारलं, "बाबा, इथं लढाई झाली होती का?"

मेव्हण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिलो. तीस वर्षांपूर्वी माझ्यावर आली होती तीच पाळी आता त्यांच्यावर, मी कशाला मधे पडू?

"झाली होती," मेव्हणे म्हणाले. "१७६० साली. आपण जिंकलो होतो." आणि मग जरा दबकत माझ्याकडे वळून, "साल बरोबर आहे ना हो?"

पुढून सासूबाईंनी हाक मारली. दाराशी पोचून त्या आमची वाट बघत उभ्या होत्या.

"तिथंच काय बघूलालाव रे? आत या. आत लई हाय."